बराकीचा निकाल

तुरुंगात दंगल झाली, कुणाचा खून पडला किंवा एखादा नामांकित माणूस आत गेला, की आपल्याकडे एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं. ‘कैद्यांची नीट वर्गवारीच होत नाही हो, सराइतांसोबत नवखे, खुन्यांसोबत पाकीटमार, सगळे एकाच बराकीत कोंबलेले.’ उपायही या वाक्यातच आलेला असतो: गुन्ह्याप्रमाणे माणसं वेगळी करा, जास्त वाईट एकीकडे, कमी वाईट दुसरीकडे. अग्रलेखापासून चहाच्या टपरीपर्यंत यावर एकमत आहे. इतकं एकमत असलं की मला जरा शंका येते.

माझं म्हणणं असं. वर्गवारी हवीच; पण ज्या प्रश्नावर आपण ती उभी करतो तो प्रश्न चुकला आहे. ‘हा माणूस किती वाईट?’ असं विचारून वर्ग लावला की तुरुंग न्यायालयाच्या निकालावर स्वतःचा आणखी एक निकाल चढवतो, आणि त्या निकालाला ना वकील असतो, ना पुरावा, ना अपील. विचारायला हवं ते वेगळंच आहे. या माणसापासून किंवा या माणसाला कोणता धोका आहे, तो नेमका कोणाला किंवा कोणाकडून आहे, आणि किती दिवसांपुरता? पहिल्या प्रश्नाचं उत्तर माणसाच्या कपाळावर कोरलं जातं. दुसऱ्याचं उत्तर तीन महिन्यांनी बदलता येतं. या एका फरकावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

१. वर्गाबरोबर काय काय येतं

न्यायाधीश सात वर्षांची सक्तमजुरी सुनावतो. ती सात वर्षं कशी जाणार, हे मात्र तो सांगत नाही. मोठ्या बराकीत की एकट्याच्या कोठडीत, शेतीवर की मागावर की दिवसभर भिंतीकडे बघत, घरच्यांची मुलाखत कशी आणि किती वेळ, खुल्या कारागृहासाठी नाव जाणार की नाही, संचित रजेच्या अर्जावर कसला शेरा पडणार, या सगळ्याची गाठ वर्गाशी असते. सारखीच शिक्षा झालेले दोघे जण वर्ग वेगळा म्हणून दोन वेगळ्या शिक्षा भोगतात. काही गुन्ह्यांत तर संचित रजेचं दार नियमानेच बंद असतं. तिथे माणसाची वागणूक कशी आहे हे कुणी विचारतही नाही.

एवढं सगळं ज्यावर ठरतं त्याला मूळ कायद्यात आधार किती? १८९४ चा कारागृह कायदा काढून बघा. त्याचं २७ वं कलम चारच विभागण्या सांगतं: पुरुषांपासून बायका वेगळ्या, एकवीस वर्षांखालची मुलं वेगळी, सिद्धदोष बंद्यांपासून न्यायाधीन बंदी वेगळे, फौजदारी कैद्यांपासून दिवाणी कैदी वेगळे. बाकी सारा पसारा नियमावल्यांतून, परिपत्रकांतून आणि सवयीतून आला. सवय हा आपल्याकडचा सर्वांत जुना आणि सर्वांत कमी वाचलेला कायदा.

२. तीन जुनी मापं

ही सवय कुठून लागली ते पाहू, कारण आजची वर्गवारी ‘शास्त्रीय’ आहे असा आपला समज असतो आणि तिच्या पोटात तीन जुनी मापं तशीच पडलेली असतात.

पहिलं माप जातीचं. १८४० च्या दशकात कंपनी सरकारने उत्तर हिंदुस्थानातल्या तुरुंगांत सामाईक स्वयंपाकाची पद्धत आणली. तोवर कैदी आपापलं शिजवून खात. या बदलावरून जागोजागी दंगे झाले. १८५५ मध्ये आरा आणि मुझफ्फरपूर इथे कैद्यांचे पितळी लोटे काढून घेऊन मातीची भांडी देण्यावरून मोठा क्षोभ उसळला. सरकार शिकलं ते सोपं होतं: जातीला हात लावू नये. मग जात तुरुंगाच्या नियमांतच जाऊन बसली. स्वयंपाक कोणी करायचा, मैला कोणी उचलायचा, हे लिहून ठेवलं गेलं, आणि स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली, तरी ते लिहिलेलं राहिलं. राजस्थानच्या जुन्या नियमांत स्वयंपाकासाठी ब्राह्मण किंवा वरच्या जातीचे हिंदू कैदी हवे होते. पश्चिम बंगालच्या नियमावलीत सफाईसाठी ठरावीक जाती होत्या. त्याच नियमावलीत रात्रपहारेकरी नेमताना अशी अट होती की तो पळून जाण्याची उपजत ओढ असलेल्या, म्हणजे भटक्या जमातींतला नसावा. हे सगळं रद्द व्हायला ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. ज्या राज्यांच्या नियमावल्यांवर बोट ठेवलं गेलं त्यांत महाराष्ट्रही होता. फुले-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या राज्याने हे वाक्य दोनदा वाचावं.

दुसरं माप ऐपतीचं. १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, बटुकेश्वर दत्त आणि त्यांचे साथीदार उपोषणाला बसले. राजकीय कैद्यांना राजकीय कैदी म्हणून वागवा, ही त्यांची मागणी. ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ ला जतींद्रनाथ दास गेले. देश हादरला. सरकारने उत्तर दिलं ते पुढच्या वर्षी, आणि ते फार हुशारीचं होतं: अ, ब आणि क असे तीन वर्ग. निकष काय, तर सामाजिक दर्जा, शिक्षण आणि राहणीमान. बाहेर ज्याला चांगल्या राहणीची सवय आहे त्याला आत बरी खोली, बरं अन्न; उरलेले क वर्गात. मागणी होती हेतू पाहा अशी, सरकारने पाहिली ती राहणी. एक माणूस ज्या मागणीसाठी मेला तिच्या जागी सरंजामी उतरंड आली, आणि वरच्या पायरीवर बसलेल्या पुढाऱ्यांपैकी फार थोड्यांना तिची लाज वाटली. पुढे १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ल खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ‘वरच्या वर्गाच्या’ कच्च्या कैद्याला बेडीतून सूट देणारा नियम विषमता म्हणून फेकून दिला. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीनेही दर्जा, जात, वर्ग यांवरून विभागणी नको असं म्हटलं. तरी हे माप मेलेलं नाही. १८९४ च्या कायद्यानुसार न्यायाधीन बंदी स्वतःच्या खर्चाने बाहेरून अन्न आणि कपडे मागवू शकतो. कायद्यात कुठेही श्रीमंत हा शब्द नाही; घरचा डबा कोणाला परवडतो ते मात्र डब्यालाच ठाऊक.

तिसरं माप स्वभावाचं, आणि ते सर्वांत चिवट. अंदमानात सावरकरांच्या छातीवर जो बिल्ला होता त्यावर ‘डी’ हे अक्षर होतं, म्हणजे डेंजरस, भयंकर. सुटकेचं साल १९६० होतं. हा बिल्ला लावणाऱ्याच्या नजरेला पन्नास वर्षांनीही तो माणूस भयंकरच राहणार होता. एका व्यक्तीच्या बाबतीत जे बिल्ल्याने केलं, ते संपूर्ण जमातींच्या बाबतीत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने केलं. सोलापूरच्या काटेरी तारेतल्या सेटलमेंटमध्ये पोर जन्माला यायचं तेच गुन्हेगार म्हणून. १९५२ मध्ये कायदा गेला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण त्याची जागा घ्यायला सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपला मुंबई कायदा १९५९ चा. तुरुंगाच्या कागदांत ‘सराईत’ या शब्दाखाली पारधी, कैकाडी, भामटा यांची नावं किती सहज सरकतात हे वेगळं सांगायला नको. २०२४ च्या निकालाने हेही सांगितलं की सराईत म्हणजे कायद्याच्या व्याख्येत बसणाराच. नियमावलीतल्या मोघम व्याख्या चालणार नाहीत.

तीन मापांचं एकच वैशिष्ट्य: तिन्ही माणूस ‘कोण आहे’ हे मोजतात. तो उद्या काय करील, त्याचं उद्या काय होईल, हे एकही मोजत नाही.

३. कलम किती सांगतं

इथे कुणी म्हणेल, जात, ऐपत, स्वभाव सोडा. गुन्ह्याचं कलम तरी वस्तुनिष्ठ आहे ना? तेच वापरा.

२०२२ अखेरचे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे घ्या. देशातल्या १,३३० तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे शंभरातले जवळजवळ ७६. यांच्या नावापुढचं कलम न्यायालयाने लावलेलं नाही. ते ठाण्यातल्या अधिकाऱ्याने प्रथम माहिती अहवालात लिहिलं आहे. जबर दुखापत की खुनाचा प्रयत्न, चोरी की दरोडा, हे त्या रात्री ठाण्यात कोण होतं, कोणाचा फोन आला, यावरही ठरतं. खटला उभा राहतो तेव्हा कलमं गळतात, बदलतात. कलमावरून बराक ठरवणारा तुरुंग पोलिसांच्या आरोपालाच निकाल मानतो. निर्दोष सुटणारा माणूस दोन-तीन वर्षं ‘खुनी’ बराकीत काढून बाहेर येतो.

आणि दोष सिद्ध झालेल्यांचं काय? कलम तिथेही फारसं बोलत नाही. तुरुंगात नोकरी केलेल्या कुणालाही विचारा, सर्वांत शांत कैदी कोण. बहुतेक जण जन्मठेपेच्या कैद्याकडे बोट दाखवतील. त्याने आयुष्यात एकदाच खून केला, बांधावरून किंवा घरातल्या भांडणात, आणि आता त्याला चौदा-पंधरा वर्षं इथेच काढायची आहेत. त्याला भांडण परवडत नाही. रात्रपहारेकरी आणि पर्यवेक्षक म्हणून तुरुंग ज्यांच्या भरवशावर चालतो त्यांत असेच लोक मोठ्या संख्येने असतात. उलट साखळी ओढणारा एकोणीस वर्षांचा पोरगा बराक पेटवू शकतो. गुन्हा मोठा म्हणून वागणं वाईट, हे गणित बाहेरून दिसतं तसं आतून जुळत नाही.

हे काही नवीन ज्ञान नाही. इंग्लंडने १८२३ च्या कायद्याने तुरुंगांत कायदेशीर प्रकारांनुसार वर्ग पाडले आणि दहा-पंधरा वर्षांतच तिथल्या तुरुंग निरीक्षकांना कळून चुकलं की एकाच कलमाखाली आलेले लोक एकसारखे नसतात. त्यांनी त्यावर काढलेला उपाय, प्रत्येकाला वेगळी कोठडी, हा रोगाहून वाईट निघाला. एकांताने माणसं वेडी झाली. आपल्या वाट्याला त्या कल्पनेची सर्वांत मोठी वास्तू आली ती अंदमानची सेल्युलर जेल.

४. ब्लेक पळाल्यानंतर

मग योग्य प्रश्न कोणता, याचं एक उत्तर इंग्लंडमध्येच, अपघाताने, सापडलं. २२ ऑक्टोबर १९६६ रोजी सोव्हिएत हेर जॉर्ज ब्लेक लंडनच्या वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगातून पळाला. त्याची शिक्षा बेचाळीस वर्षांची होती. चौकशी सोपवली गेली लॉर्ड माउंटबॅटनकडे, आपले शेवटचे व्हाइसरॉय तेच. त्यांनी कैद्यांचे चार वर्ग सुचवले, ए ते डी, आणि ते आजही तिथे चालतात. त्यातली गोम अशी की वर्ग ठरवताना गुन्हा किती घोर हा मुख्य प्रश्न नाही. प्रश्न असा आहे: हा पळाला तर जनतेला, पोलिसांना किंवा राष्ट्राच्या सुरक्षेला किती धोका, आणि पळण्याची शक्यता किती? खुनाच्या शिक्षेवरचा माणूस वरच्या वर्गात सुरुवात करतो आणि वर्षांनी डी वर्गात, म्हणजे खुल्या तुरुंगात पोहोचू शकतो. वर्ग हा त्याच्यावरचा निकाल राहत नाही, त्याचा मुक्काम होतो.

ही व्यवस्था निर्दोष नाही. माउंटबॅटन यांना सगळे अतिधोक्याचे कैदी एकाच किल्ल्यात ठेवायचे होते. १९६८ मध्ये रॅडझिनोविच समितीने ते नाकारून त्यांना अनेक तुरुंगांत विखुरण्याचा सल्ला दिला, कारण नुसत्या भयंकरांचा तुरुंग चालवणं अशक्य होतं. या वादाकडे आपण दुर्लक्ष केलं आहे. आपल्याकडे अतिसुरक्षा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे अंडा सेलच येतो.

कडक वर्ग लावण्याने तुरुंग सुरक्षित होतो का, याचा एक दुर्मीळ पुरावा कॅलिफोर्नियातून आला. तिथे वर्ग गुणांवरून ठरतो. मध्यम-कडक तुरुंगाचे गुण मिळालेल्या काही कैद्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून सौम्य तुरुंगात पाठवलं गेलं, उरलेल्यांना नेहमीप्रमाणे कडक तुरुंगात. कॅम्प आणि गेस या अभ्यासकांनी दोन्ही गटांची तुलना केली. आतल्या गैरवर्तनात फरक पडला नाही. सुटल्यावर पुन्हा तुरुंगात येण्याचं प्रमाण मात्र कडक तुरुंगात ठेवलेल्यांत जास्त निघालं. म्हणजे वर्ग चढवला म्हणून माणूस सुधारला नाही, तुरुंग शांत झाला नाही, आणि बाहेरच्या समाजाच्या पदरात अधिक गुन्हे पडले. तुरुंगाबद्दल बोलणाऱ्यांनी हे एक पान भिंतीला चिकटवावं.

५. टोळीचा प्रश्न

माझ्या मांडणीची खरी कसोटी इथे आहे, म्हणून थोडं थांबतो.

मुंबईत टोळ्यांच्या काळात आर्थर रोडला वेगवेगळ्या टोळ्यांची माणसं वेगळी ठेवावी लागली. ती एकत्र आली असती तर मुडदे पडले असते. इथे ‘तो कोण आहे’ हेच विचारलं गेलं आणि ते बरोबरच होतं ना?

अर्धं बरोबर. ‘अमका तमक्याच्या जिवावर उठला आहे’ ही माहिती धोक्याची आहे, आणि त्या दोघांना वेगळं ठेवणं अधिकाऱ्याचं कर्तव्यच. पण ‘तो अमक्या टोळीचा, म्हणून त्याची बराक ती’ असा नियम केला की तुरुंग टोळीला आपल्याच खर्चाने इलाका देतो. त्या बराकीत टाकलेला किरकोळ पोरगा, ज्याचा टोळीशी संबंध गल्लीपुरता होता, महिन्याभरात खरोखरच टोळीचा होतो. त्याच्यापुढे दुसरा पर्याय आपणच ठेवलेला नसतो.

कॅलिफोर्नियाने हा रस्ता शेवटापर्यंत चालून पाहिला. १९८९ मध्ये उघडलेल्या पेलिकन बे तुरुंगात टोळीचा म्हणून ‘प्रमाणित’ झालेला कैदी अमर्याद काळ एकांतात जाई. त्याने काही केलं म्हणून नाही. तो कोण आहे म्हणून. पुरावा म्हणून चित्रं, पत्रं, पुस्तकंही चालत. २०१३ मध्ये याविरुद्ध राज्यभरातल्या सुमारे तीस हजार कैद्यांनी अन्न नाकारलं, आणि त्यात एरवी एकमेकांचे वैरी असलेल्या गटांचे लोक एकत्र होते. २०१५ मध्ये अॅश्कर खटल्यात तडजोड झाली: नुसत्या टोळीच्या नावावर अनिश्चित एकांत नाही, प्रत्यक्ष वागणूक पाहायची. लाहोरच्या उपोषणानंतर ८४ वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, कैद्यांची तक्रार जवळजवळ तीच होती: आम्हाला आमच्या वर्गाने नका मोजू. त्याच राज्यात नव्या कैद्यांना वंशानुसार कोठड्या देण्याची रीत होती. २००५ मध्ये जॉन्सन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला कठोर तपासणी लावली. तुरुंग खात्याचं समर्थन काय होतं? वेगळं नाही ठेवलं तर मारामाऱ्या होतील. तमिळनाडूत पलयमकोट्टईच्या तुरुंगात जातवार बराकी ठेवण्याचं समर्थनही हेच होतं, आणि २०२४ च्या निकालाने तेही मोडीत काढलं. दंगलीची भीती खरी असते. पण त्या भीतीपोटी दंगलखोरांचा नकाशाच तुरुंगाचा नकाशा करायचा का?

६. कागद रिकामा राहिला तर

इथे एक गैरसमज काढायला हवा. अधिकाऱ्यांनी वर्गवारी केली नाही तर वर्गवारी होत नाही, असं नाही. ती कैदी करतात. आर्थर रोडची अधिकृत क्षमता बरीच वर्षं ८०४ होती आणि आत माणसं तीन हजारांच्या घरात. अशा ठिकाणी पाठ टेकायची जागा ही मालमत्ता होते. कोण संडासाजवळ झोपणार, कोण पंख्याखाली, हे पैसा, भाषा, धर्म, वस्ती आणि दहशत ठरवते. म्हणून ‘सगळे समान, वर्ग नकोच’ हा भाबडा युक्तिवाद मला मान्य नाही. रिकाम्या जागी न्याय येऊन बसत नाही, भाई येऊन बसतो.

आणि पहिल्या रात्री तर सर्वांत जास्त. नव्याने आत आलेला माणूस भेदरलेला असतो, व्यसनाची तलफ सुटत असते, घरच्यांना कळवलं आहे की नाही हे माहीत नसतं. आत्महत्येचा धोका सुरुवातीच्या दिवसांतच सर्वाधिक असतो, हे जगभरच्या तुरुंगांचं निरीक्षण आहे. २०२२ मध्ये भारतीय तुरुंगांत ११९ कैद्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या नोंदवहीत जातीला रकाना होता. ‘याआधी कधी जीव द्यावासा वाटला का’ या प्रश्नाला कुठे होता? लहान मुलांवरच्या अत्याचाराचा आरोपी, तृतीयपंथी, पोलिसांचा खबऱ्या, सेवेतून आलेला पोलीस, यांना इतरांपासून जिवाचा धोका असतो. त्यांना वाचवायला एकांतात टाकलं की संरक्षणाचीच शिक्षा झाली. लॉस एंजलिसच्या मेन्स सेंट्रल जेलमध्ये समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी स्त्रियांसाठी १९८० च्या दशकापासून वेगळा विभाग आहे. तिथे ते एकत्र राहतात, एकेकटे डांबले जात नाहीत. त्यातही दोष काढले गेले. पण दिशा कळते.

७. आक्षेप

‘नवखे सराइतांच्या संगतीने बिघडतात, हे तरी नाकारता का?’ नाकारत नाही. अठरा ते एकवीस वयातल्यांना वेगळं ठेवावं, कायदा तेच सांगतो. पण बिघडण्याची तऱ्हा नीट पाहा. नव्या पोराला कोणी धडे देऊन गुन्हेगार करत नाही. त्याला वकील हवा असतो, जामीनदार हवा असतो, साबण हवा असतो, घरी निरोप हवा असतो. हे जो देतो त्याचा तो होतो. सराइताला दुसऱ्या बराकीत पाठवलं आणि गरज तशीच ठेवली, तर ते उपकार करायला दुसरा कुणी उभा राहतो. पहिल्या आठवड्यात विधी सेवा प्राधिकरणाचा वकील खरोखर भेटला तर अर्धी संगत आपोआप सुटेल.

‘एवढं कोण करणार? मनुष्यबळ कुठे आहे?’ हा आक्षेप खरा आहे आणि मी त्याला हलका समजत नाही. २०२२ अखेर तुरुंग क्षमतेच्या १३१ टक्के भरले होते; अशा गर्दीत कुठलीही वर्गवारी लंगडी पडणार. पण मी सांगतो त्याला जास्त माणसं लागत नाहीत. उलट कमी लागतात. प्रत्येक कैद्याला वरच्या सुरक्षेत ठेवणं हाच सर्वांत महागडा मार्ग. धोक्याची नेमकी नोंद झाली की कळतं, किती जणांना खरोखर कडक पहारा हवा. ते थोडेच निघतात. उरलेल्यांना खुल्या बराकीत, शेतीवर, खुल्या कारागृहात सोडता येतं.

‘आणि त्यातला एखादा पळाला तर?’ तर पळेल. हा प्रामाणिक उत्तराचा भाग आहे. पण याची भीती दाखवणाऱ्यांनी आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर पाहावं. औंध संस्थानात १९३९ साली, मॉरिस फ्रीडमन आणि औंधच्या राजांच्या पुढाकाराने ती वसाहत उभी राहिली. शांतारामबापूंनी तिच्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. तिथे दीर्घ शिक्षेचे, खुनाच्या गुन्ह्यातले कैदी बायका-मुलांसह राहून शेती करत आले आहेत. आपल्याच मातीतला हा प्रयोग ऐंशीहून अधिक वर्षांचा झाला आणि आपण अजून त्याला अपवाद म्हणतो.

८. नोंदवहीत काय असावं

मागणं मोठं नाही. प्रत्येक कैद्याच्या वर्गाच्या कागदावर, कलम आणि आडनाव झाकून, चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: धोका कोणता, कोणाला, कशावरून समजला, आणि हा कागद पुन्हा कोणत्या तारखेला पाहिला जाईल. तारीख नसेल तर वर्ग रद्द समजावा. कैद्याला कागद वाचून दाखवावा आणि त्याची हरकत त्याच्याच शब्दांत खाली लिहून घ्यावी. वाईट वागणुकीने वर्ग चढतो तसा सरळ वागणुकीने तो उतरलाही पाहिजे, आणि किती दिवसांत उतरेल हे त्याला आधीच माहीत असावं. महाराष्ट्र कारागृह विभागाचं ब्रीद ‘सुधारणा व पुनर्वसन’ आहे. सुधारणेला जागा हवी असेल तर ती या तारखेच्या रकान्यात आहे.

हे तपासायला नवी समिती नको. २०२४ च्या निकालात न्यायालयाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांनी तुरुंगांची नियमित संयुक्त पाहणी करावी असं सांगितलंच आहे. जिल्हा न्यायाधीश तिथे पदसिद्ध अभ्यागत असतात, काही बिगरसरकारी नागरिकही असतात. त्यांना एक विनंती आहे. पुढच्या भेटीत स्वयंपाकघरात जाऊन आमटी चाखायच्या आधी कार्यालयात बसा, वर्गवारीची नोंदवही मागवा, आणि कुठल्याही पानावरचा एक कैदी समोर बोलावून त्याला विचारा की तू या बराकीत का आहेस. त्याला उत्तर माहीत नसेल, तर अधीक्षकांना विचारा.